पॉइंट झिरो थ्री

परदेशातल्या कुठल्याही मराठी कंपूत असा एक तरी असतोच. गाडीचं मायलेज वहीत लिहिणारा, चहाचं पाणी मापाने घेणारा, बर्फ किती इंच पडला ते पट्टी लावून सगळ्यांना कळवणारा. न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनच्या कंपूतल्या या नमुन्याला आम्ही ‘पीपीएम’ म्हणतो. त्याच्या बेसमेंटमध्ये १२० गॅलनचा समुद्र आहे, जिवंत प्रवाळासकट. त्या समुद्रातल्या फॉस्फेटचा आकडा हेच त्याचं क्षेमकुशल.

“काय रे, कसं काय?” असं सहज विचारावं, तर “०.०६. परवा ०.०४ होतं,” असं उत्तर येतं. चेहरा असा, की आयसीयूतल्या काकांचं बीपी सांगतोय. वहिनींना बढती मिळाली म्हणून त्याचं अभिनंदन केलं, तर म्हणाला, “थँक्स, पण अजून ०.०३ वर आलेलं नाही.”

०.०३ पीपीएम म्हणजे त्याचा मोक्ष. लिटरभर पाण्यात तीन शतांश मिलिग्रॅम. तो मोजण्याचा विधी एकदा तरी बघावा. काचेच्या दोन कुप्या, प्रत्येकीत दहा मिलिलिटर पाणी. काचेवर बोटाचा ठसा राहिला तर आकडा चुकतो, म्हणून चष्म्याच्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसायचं. मग पावडरची पुडी कात्रीने कापायची आणि टिचक्या मारमारून रिकामी करायची, कारण एक कणही आत राहता कामा नये. दोन मिनिटं हलवायचं, पण बेताने, बुडबुडे झाले की संपलं. मग बटण दाबून तीन मिनिटांची उलटी मोजणी. तेवढ्या वेळात वहिनींनी मिक्सर लावायचा नाही. पाणी जितकं निळं तितकं फॉस्फेट जास्त. यंत्र त्या निळाईतून प्रकाश सोडून आकडा काढतं.

त्या यंत्राच्या माहितीपत्रकातच छापलंय की आकडा ०.०२ ने इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणजे ०.०३ दिसलं तर खरं ०.०१ असेल, नाहीतर ०.०५. हे मी त्याला बोट ठेवून दाखवलं. “म्हणून तर तीनदा घेतो,” तो म्हणाला.

दिवाळीच्या फराळाला कुणाच्या तरी पोराने माशांना प्रेमाने मूठभर शेव घातली. पीपीएम जागच्या जागी पांढरा पडला. अन्न म्हणजे फॉस्फेट, हे तिथे जमलेल्या प्रत्येकाला तोवर पाठ झालं होतं. तरी त्याने जाळीने शेव उपसता उपसता ते पुन्हा सांगितलं: मासे खातात, विष्ठा टाकतात, उरलेलं कुजतं, फॉस्फेट वाढतं, शेवाळ माजतं आणि प्रवाळाला आपला चुन्याचा सांगाडा बांधणं जड जातं. आम्ही वर जेवायला बसलो तरी तो खालीच. वहिनींनी जिन्यातून विचारलं, “अहो, बासुंदी वाढू का?”

खालून उत्तर आलं, “पॉइंट झिरो नाइन!”

मग त्याने युद्धच पुकारलं. फॉस्फेट शोषून घेणारे गंजासारखे तांबूस लोहाचे दाणे नळकांड्यात भरून टाकीचं पाणी त्यातून फिरवलं. गोठवलेली कोळंबी चहाच्या गाळणीत धुऊन, मोजून द्यायला लागला. मासे सोडून सगळ्यांना कळत होतं की त्यांना एकादशी घडतेय. आकडा उतरायचा आणि पुन्हा चढायचा, कारण टाकीतल्या दगडांनीही फॉस्फेट धरून ठेवलेलं असतं. पाण्यातलं कमी झालं की ते आपल्याकडचं सोडतात. शेवटी एकदाचं यंत्राने ०.०० दाखवलं. पीपीएमने पेढे वाटले.

पेढे पचायच्या आत प्रवाळ फिकट पडू लागलं. वाळूवर तपकिरी, चिकट तारा आल्या, त्यात बुडबुडे अडकलेले. ते डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव. पाणी फार निर्मळ झालं की यांचंच फावतं. प्रवाळाच्या अंगात राहून त्याला पोसणाऱ्या सूक्ष्म शैवालालाही थोडं फॉस्फेट लागतंच, हे ज्ञान त्याला तेव्हा झालं. मग त्याने काय करावं? फॉस्फेटची बाटली विकत आणली आणि सिरिंजने, मोजून, टाकीत सोडायला लागला.

“शेव काय वाईट होती मग?” वहिनींनी विचारलं. त्या प्रश्नाला आकडा मिळाला नाही.

हा माणूस मूळचा मालवणचा. मिठाची खोकी विकत आणून, गाळलेल्या पाण्यात कालवून समुद्र बनवतो. १९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा तो तिथेच शाळेत होता. पण आईने कधी खोल पाण्यात जाऊ दिलं नाही, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ प्रवाळ आहे हे त्याला एडिसनच्या बेसमेंटमध्ये बसून कळलं. गेल्या खेपेला गावी गेला तो कुप्या, पुड्या आणि यंत्र सामानात घालूनच. होडी केली, पाण्यात तोंड घालून पन्नाशीत पहिल्यांदा आपल्या दारचं प्रवाळ पाहिलं. मग हलत्या होडीत, कुपी सदऱ्याला पुसत, त्याने टेस्ट घेतली. आकडा त्याच्या टाकीच्या दुप्पट आला. समुद्र नापास.

होडीवाल्याने विचारलं, काय झालं. याने सगळं समजावून सांगितलं, ०.०३ सकट. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मगे आता दर्याचा पाणी बदलूचा काय?”

हा किस्सा पीपीएम स्वतःच सांगतो, जेवणावळीत, कुणी आग्रह न करता. गंमत म्हणजे दर वेळी समुद्राचा आकडा वेगळा असतो. कधी ०.१२, कधी ०.१५, परवा तर ०.२ होता. आम्ही कुणी टोकत नाही. आकड्याच्या बाबतीत या गृहस्थाने आयुष्यात केलेली ही एकच ढिलाई, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडायला लागलाय तो तेव्हापासून.