उजेडाला ऊन लागतं

एप्रिलच्या दुपारी इंटरनेट रुसलं, म्हणून तक्रार नोंदवली. आलेल्या मुलानं राउटरकडे न बघताच निदान केलं, "काका, उन्हाचं जरा स्लो होतं." उन्हानं दूध नासतं, डोकी तापतात, हे ठाऊक होतं; त्यात फायबरमधून इंटरनेट वाहून आणणाऱ्या उजेडाची भर पडली. गंमत अशी, की पदार्थविज्ञान त्या मुलाच्या बाजूनं आहे.

पोकळीत सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश फायबरच्या काचेत शिरला की दोन लाखांवर येतो. काच तापली की आणखी रेंगाळतो. काच लांबते म्हणून, असं रेल्वेचे रूळ पाहिलेल्या कुणालाही वाटेल. पण सिलिकाची काच या बाबतीत भलतीच कंजूष: एका अंशाला किलोमीटरमागे जेमतेम अर्धा मिलिमीटर. झालेल्या उशिराचा दहावा हिस्साही तिच्याकडे जात नाही. खरा कारभार अपवर्तनांकाचा. तापलेल्या काचेत तो किंचित वाढतो आणि प्रकाशाचा पाय जड होतो. उशीर किती? किलोमीटरमागे, अंशामागे, सुमारे ४० पिकोसेकंद.

मुंबई ते पुणे दीडशे किलोमीटर फायबर धरू आणि पारा २० अंशांनी चढवू. (पुरलेली केबल एवढी तापत नाही, पण मुलाला होईल तेवढी सवलत देऊ.) उशीर भरतो सेकंदाच्या साधारण एक कोटीव्या भागाएवढा. सामन्याच्या शेवटच्या षटकात पडद्यावर गरगरणारं ते चक्र या हिशेबात कुठंच बसत नाही.

नारायणगावजवळ खोडदला मात्र याहून बारीक उशिराचीही दखल घ्यावी लागते. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. काही जवळजवळ, काही मध्यवर्ती इमारतीपासून १४ किलोमीटरपर्यंत लांब. प्रत्येकीनं पकडलेला संदेश फायबरमधून इमारतीत येतो आणि तिथं सगळ्यांच्या लहरी एकमेकींशी ताडून बघतात. १४ किलोमीटर फायबर एका अंशानं तापलं, तर अर्ध्या नॅनोसेकंदाहून थोडा जास्त उशीर. हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची लहर अख्खा हेलकावाच ०.७ नॅनोसेकंदात उरकते. म्हणजे पाऊण हेलकावा गेला की! कोट्यवधी वर्षं अंतराळ तुडवत आलेली बातमी अडखळते कुठं, तर जुन्नर तालुक्यात.

केबल जमिनीखाली असल्यामुळं दुपारची झळ तिला फारशी लागत नाही, पण ऋतू सावकाश खाली उतरतातच. शिवाय इलेक्ट्रॉनिक्सचे रुसवेफुगवे आहेत, आणि वरचं आयनांबर तर त्याहून लहरी. म्हणून निरीक्षण चालू असताना अधूनमधून डिश एखाद्या ओळखीच्या रेडिओस्रोताकडे वळवतात. त्याची जागा आधीच पक्की ठाऊक असते, त्यामुळं कुठली डिश किती घसरली ते कळतं. तेवढं वजा करायचं आणि पुन्हा मूळ कामाला लागायचं. उशीर उन्हानं केला की आणखी कुणी, याची चौकशी बहुधा कुणी करत बसत नाही.