डाग सोडून

रविवार पेठेतल्या बोळात फ्रेमचं दुकान चालवणारा हा गृहस्थ एरवी शांत असतो. पण ‘सेकंडचा लॉट निघालाय’ असा फोन आला, की त्याच्या अंगात येतं. ताटावरून उठून तो टेम्पोवाल्याला हाक मारतो आणि थेट भिवंडीचं गोदाम गाठतो.

तिथे त्याला बघावं. दहा फुटी सोनेरी पट्टी उचलून, एक डोळा मिटून, तो या टोकाकडून त्या टोकाकडे बघतो.

“शेठ, बाक आहे.”

“किंचित आहे.”

“किंचित तुम्हाला. माझा कोपरा गुण्यात बसत नाही, त्यात मेण कोण भरणार?”

मग काच उजेडात तिरकी धरून चरे, बुडबुडे मोजणं. वर्मावर बोट ठेवत ठेवत निम्म्या भावात सगळा लॉट तो उचलतो, आणि तरी जाताना फसल्याचा चेहरा करतो.

त्याचं गणित मात्र पक्कं आहे. इंचभर रुंद पट्टीत १२ बाय १८चा फोटो बसवायचा, तर पट्टी लागते साधारण ६८ इंच. चारही कोपरे ४५ अंशात कापायचे असल्यामुळे पट्टीची रुंदी आठदा वाढते. दहा फूट म्हणजे १२० इंच. रंग उडालेला डाग नेमका मध्यावर असला, तर एका बाजूला तीन तुकडे, दुसऱ्या बाजूला चौथा, आणि उरलेल्यात ६ बाय ८चा एक फोटो. डाग तेवढा केरात. कारखान्याच्या लेखी ती पट्टी बाद. याच्या लेखी कारखान्याला कापता येत नाही.

पंचाईत होते ती डाग ठिकठिकाणी असले की. मग फोटोच्या मापाने पट्टी कापण्याएवढी सवड राहत नाही, फोटोलाच पट्टीच्या मापात यावं लागतं. “ताई, १२ बाय १८ कशाला? १० बाय १५ बघा, उठून दिसेल.” ताई मापं काय जाणणार? एका गिऱ्हाइकाला तर, “आजोबांचे खांदे थोडे आत घेतले तर चालतील ना?” असं विचारताना मी त्याला स्वतः ऐकलंय. खांदे आत घेतले गेले. घरी नेल्यावर काचेवर एक चरा दिसला म्हणून ते गिऱ्हाईक परत आलं, तेव्हा हा म्हणाला, “अहो, चंदनाचा हार घालणार ना? तो चरा मुद्दाम हाराखाली घेतलाय.” स्वामी समर्थांच्या फोटोला मात्र बिनडागी काच. देवाला हारामागचंही दिसतं, असा त्याचा समज असावा.

सेकंडचा माल घेणाऱ्याला मालातलं कळत नाही, असं आपण धरून चालतो. खरं तर पहिल्या दर्जाचा माल घेणारा डोळे मिटून घेतो. याला मात्र प्रत्येक फूट बघावा लागतो. चांगली पट्टी कशी असते ते बोळात त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. विकत घेत नाही, एवढंच.

माउंटच्या, म्हणजे फोटोभोवती लावायच्या पुठ्ठ्याच्या बाबतीत मात्र मी त्याच्यावर विश्वास टाकणार नाही. पट्टीचा डाग आज दिसतो. हलक्या माउंटचा दोष काही वर्षांनी, कापलेली कड पिवळी पडून तपकिरी झाली की दिसतो, आणि तोवर त्याची छटा चित्रावरही उतरलेली असते. माउंट घालूच नये म्हणाल, तर पावसाळ्यात दमट हवेने फोटो काचेला चिकटतो. तेव्हा माउंट चांगला, ॲसिड नसलेला मागा. तो लॉटमधून आलेला नको असं तोंडावर सांगा. राग येत नाही त्याला.

आणि आईवडिलांचे फोटो जोडीने लावायचे असतील, तर दोन्ही फ्रेमा एकाच दिवशी करून घ्या. तीच पट्टी त्याच्याकडे पुन्हा येत नाही.