दातृत्वप्रवेशिका

अपंगांच्या साहाय्यार्थ चालणाऱ्या संस्था महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, आणि त्यांना साहाय्य करण्याची इच्छा तर त्याहूनही विपुल आहे. परंतु ही इच्छा शास्त्रशुद्ध मार्गाने कशी तृप्त करावी, दान कोणते व कोणाच्या देखत द्यावे, स्वयंसेवेस केव्हा आरंभ करावा आणि ती केव्हा आटोपती घ्यावी, याविषयी प्रमाणभूत असा ग्रंथ हाताशी नसल्यामुळे अनेक सज्जन भलत्याच वाटेस लागून संस्थेच्या उपयोगी पडून बसतात. ही आपत्ती टळावी, दात्याचा पैसा खर्ची पडला तरी त्याचा लौकिक शिल्लक राहावा, एवढ्याच मर्यादित हेतूने पुढील नियम सिद्ध केले आहेत.

नियम पहिला : संस्थेची निवड

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत. १९९५ च्या कायद्यात ते अवघे ७ होते. कायदे करणाऱ्यांस ही चैन परवडते, दात्यास परवडत नाही. सिकलसेल, हिमोफिलिया, थॅलेसेमिया किंवा वर्षानुवर्षे पाठ न सोडणारा मानसिक आजार यांपैकी काहीच छायाचित्रात उमटत नसल्याने त्या बाबींवर केलेले दान बहुधा बुडीत खाती जमा होते. तस्मात् दात्याने डोळे अथवा पाय यांवरच समाधान मानावे. कान शेवटी घ्यावेत, कारण बहिरे मूल दिसण्यात चारचौघांसारखे असते आणि त्याचे बहिरेपण पाहणाऱ्यास मुद्दाम समजावून सांगावे लागते.

वयाचा विचार त्याहून महत्त्वाचा. सहा ते अठरा या वयातील पात्र दिव्यांग मुलास मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने दिला आहे, आणि दात्यांची करुणाही साधारणपणे त्याच मुदतीत वाहते. अठरावे सरले की बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा घरी येऊन बसतो, आईबापांची साठी जवळ येते, आणि ‘आमच्या मागे याचे कसे’ हा प्रश्न त्या घरात दिवसरात्र मुक्कामास राहतो. अशा प्रौढांसाठी काही ठिकाणी कार्यशाळा चालतात; तेथे मिशा पिकू लागलेली माणसे उटण्याच्या पुड्या भरतात, पणत्या रंगवितात, कागदी पिशव्या चिकटवितात. पण चाळिशीच्या गृहस्थास खाऊचा पुडा देताना घेतलेले छायाचित्र दोन्ही पक्षांस शोभत नाही. म्हणून दात्याने कार्यशाळेकडे फिरकू नये.

संस्थेचे हिशेब पाहण्याचीही तसदी घेऊ नये. सार्वजनिक न्यासाला धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी नोंद करावी लागते, दरसाल हिशेब तपासून घेऊन तेथे रुजू करावे लागतात, आणि मागितल्यास भला कार्यवाह ताळेबंद आनंदाने पुढे ठेवतो, हे सर्व खरे. तथापि ताळेबंद वाचणाऱ्या दात्यास संस्थेची नड नेमकी कोठे आहे ते कळून येण्याचा धोका असतो.

नियम दुसरा : दानाचे जिन्नस

वस्त्रदान हे सर्वांत सुलभ. ज्या विजारी बोहारणीने दोनदा उलटून पाहून परत केल्या, त्या संस्थेस द्याव्यात. संस्थेस नाही म्हणण्याचा अधिकार नसतो, अशी लोकरूढी आहे.

अन्नदानास मुहूर्त आवश्यक असतो. वाढदिवस, पितृपक्ष आणि ३ डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन हे प्रशस्त दिवस होत. एकाच दिवशी तीन घरांची जिलबी येऊन पोचली आणि वसतिगृहातील मुलांची पोटे बिघडली, तरी पुण्याचे वाटे तिन्ही घरांस पूर्ण मिळतात. ४ डिसेंबरला मात्र कोणी जाऊ नये. त्या दिवशी तेथे नित्याची आमटी-भाकरीच असते आणि ती पाहून उगाच जीव हळहळतो.

चाकाची खुर्ची हे दानांतील गजदान होय. ती देताना एकाच मापाच्या पंचवीस-तीस खुर्च्या घाऊक भावाने घ्याव्यात आणि देणाऱ्याचे नाव पाठीवर ठळक अक्षरांत रंगवावे. खुर्ची बसणाऱ्याच्या कमरेच्या मापाची असावी, पाय ठेवण्याची फळी त्याच्या पायांच्या लांबीप्रमाणे कमीजास्त करून घ्यावी, ज्याच्या कमरेखाली संवेदना नाही त्यास योग्य गादी दिली नाही तर बसल्या जागी व्रण पडून तो न कळत चिघळतो, रुग्णालयाच्या गुळगुळीत फरशीसाठी बनविलेली खुर्ची गावच्या मुरमाच्या रस्त्यावर पुढच्या लहान चाकांनी रुतते, असल्या शंका तज्ज्ञ लोक उपस्थित करतात. त्यांना शिबिरास बोलावू नये.

रोख रकमेविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक म्हणजे, जुन्या पद्धतीने प्राप्तिकर भरणाऱ्यास दानावर सवलत मिळते, पण रोखीने दिलेली रक्कम २००० रुपयांहून अधिक असल्यास तिच्यावर ती मिळत नाही. तेव्हा औदार्यासही धनादेश लागतो. दुसरी म्हणजे, रक्कम नेहमी इमारतीसाठीच द्यावी. इमारतीला भिंत असते आणि भिंतीला संगमरवरी पाटी लागते. विशेष शिक्षिकेचा पगार, विजेचे बिल, मुलांना ने-आण करणाऱ्या रिक्षाचे भाडे, ब्रेलचा जाड कागद, या खर्चांवर पाटी बसविण्याची सोय अद्याप कोणी काढलेली नाही.

नियम तिसरा : स्वयंसेवा

स्वयंसेवा एका रविवारी सकाळी सुरू करून त्याच दिवशी भोजनापूर्वी संपवावी. नेमाने जाणाऱ्या माणसाची संस्थेस सवय लागते, मग तो न आल्यास त्याची वाट पाहिली जाते, आणि कोणी आपली वाट पाहणे हे बंधन होय.

अंध मनुष्य दिसताच त्याचे मनगट पकडून त्यास पुढे ढकलावे. आपण अर्धे पाऊल पुढे राहून त्याला आपला कोपर धरू द्यावा, म्हणजे पायरी, वळण आणि उतार त्यास आपल्या हालचालीवरून कळतात, ही रीत बिनचूक खरी; पण तीत कोण कोणास नेत आहे हे लांबून स्पष्ट होत नाही. बहिऱ्या माणसाशी उजेडाकडे पाठ करून, ओठ मिशांत झाकून, पण मोठ्याने ओरडून बोलावे. चाकाच्या खुर्चीवरील माणसास काही विचारायचे झाल्यास ते त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसास विचारावे. वय तीस असो की पन्नास, सर्वांस ‘बाळ’ म्हणावे.

कार्यशाळेत जाण्याचा प्रसंग आलाच, तर तेथील तरुण दहा मेणबत्त्या मोजून पुड्यात भरत असताना त्यास कळवळून मदत करावी. दहापर्यंत न चुकता मोजणे त्यास शिकविण्यात शिक्षिकेचे कित्येक महिने गेलेले असतात. आपण ते काम अर्ध्या मिनिटात करून दाखविल्यास स्वयंसेवकाची कार्यक्षमता सर्वांच्या डोळ्यांत भरते, आणि त्या तरुणाच्या हाताला उरलेली सकाळ काही काम राहत नाही.

नियम चौथा : समारंभ

दान झाले की समारंभ हा ओघानेच आला. तज्ज्ञांच्या मते तर समारंभ आधी ठरवून दान त्यास जोडावे. व्यासपीठ तीन फूट उंच असावे व त्यास लाकडी जिना असावा. ज्यांचा गौरव करावयाचा ते चाकाच्या खुर्चीवर असल्यास चार कार्यकर्त्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर न्यावे. त्या वेळी टाळ्या हमखास पडतात. उताराचे प्रमाण उंचीच्या बारापट लांबी असे धरतात, म्हणजे तीन फुटांस छत्तीस फूट उतार बांधावा लागेल. इतकी जागा सोडल्यास प्रमुख पाहुण्यांच्या मोटारी कोठे उभ्या कराव्यात? व्यासपीठच जमिनीवर मांडावे, अशीही एक सूचना ऐकण्यात येते. परंतु मग व्यासपीठ कशास म्हणावयाचे?

बहिऱ्या मुलांच्या शाळेस सुगम संगीताचा कार्यक्रम अर्पण करावा, आणि भाषणे सांकेतिक भाषेत समजावून सांगणारा दुभाषी खर्चात बसत नसल्यास शाल-श्रीफळांच्या संख्येत मात्र कपात करू नये. मुलांना आशीर्वादपर भाषणांसाठी दीड तास पहिल्या रांगेत बसवावे. निवेदकाने त्यांस ‘नियतीने अन्याय केलेले जीव’ म्हणावे. अन्यायाचा विषय निघालाच तर तो नियतीपाशीच थांबवावा, नगरपालिकेपर्यंत येऊ देऊ नये.

नियम पाचवा : वर्ज्य गोष्टी

आता जे कटाक्षाने टाळावे त्याची याद देतो. या बाबतीत कसूर झाल्यास वरील सर्व नियम पाळूनही दात्याचे दातृत्व नष्ट होते.

दरमहा ठरावीक रक्कम, मग ती पाचशे रुपये का असेना, बँकेतून परस्पर संस्थेच्या खाती जाईल अशी तजवीज करू नये. एकदाच आलेल्या लाखावर भाषण होते. दरमहा येणाऱ्या पाचशेवर कार्यवाह निमूटपणे रिक्षावाल्याचा हिशेब चुकता करतो.

अंध विद्यार्थ्याचा लेखनिक होऊ नये. तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेस त्याला तासामागे किमान वीस मिनिटे अधिक मिळतात, म्हणजे चार तास दुसऱ्याची उत्तरे त्याच्याच शब्दांत, आपले शहाणपण तोंडात दाबून, उतरवून घ्यावी लागतात. शिवाय परीक्षार्थीने स्वतः आणलेल्या लेखनिकाचे शिक्षण त्याच्यापेक्षा कमी असावे, असा दंडक आहे. त्यामुळे द्विपदवीधर दाता बाजूस राहतो आणि शेजारची अकरावीतली मुलगी कामास येते. असल्या नियमांनी प्रतिष्ठितांचा मान कसा राहणार?

कोणा आईबापांबरोबर जिल्हा रुग्णालयाच्या रांगेत अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी उभे राहू नये, आणि १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली प्रौढ मुलाचे पालकत्व कायदेशीर करून घेण्यासाठी त्यांचा अर्ज लिहून देऊ नये. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चावेत, असा महाराष्ट्र शासनाचा आदेश आहे. त्यांपैकी आपल्या ग्रामपंचायतीत किती खर्ची पडले हे ग्रामसभेत उठून विचारणे तर निव्वळ अशिष्टपणा होय.

दिवाळीत कार्यशाळेच्या पणत्या व आकाशकंदील बाजारभावाने विकत घेऊ नयेत. देणगी देऊन वस्तू तेथेच ठेवून यावे. विकत घेतले की समोरचा मनुष्य विक्रेता ठरतो, आपण गिऱ्हाईक ठरतो, आणि पणती गळकी निघाल्यास तक्रार करण्याइतकी बरोबरी उत्पन्न होते. या बरोबरीचे दुष्परिणाम आपल्या प्रांतात पूर्वीच दिसून आले आहेत. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याच्या आनंदवनात कुष्ठरोग्यांच्या हाती भिक्षापात्राऐवजी कुदळ-फावडे दिले. परिणामी जे भिक्षा मागत फिरले असते ते शेतकरी, विणकर आणि सुतार झाले. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीवर बसून १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली, आणि पुढे सिंधुदुर्गात तिच्या काजूप्रक्रियेच्या उद्योगात अपंग माणसे पगारावर काम करू लागली. पगार घेणारा मनुष्य जिलबीसाठी रांगेत उभा राहत नाही, हे सुज्ञ दात्यांस सांगणे नलगे.

इतके सांगूनही ज्यांना पाचव्या नियमाचा भंग करण्याची इच्छा अनावर होईल, त्यांनी निदान तो क्रमवार करावा. गावातील संस्थेत एखाद्या साध्या मंगळवारी, कोणास न कळविता, रिकाम्या हाताने जावे. तेथे राहणाऱ्यांस आणि काम करणाऱ्यांस ‘तुम्हांस काय हवे’ एवढे विचारावे. उत्तर पुरते ऐकून घ्यावे. आणि जे ऐकले असेल ते झेपेल तितके, पण दर महिन्यास, न चुकता करावे. अशा माणसाच्या नावाची पाटी कोठेही लागत नाही, संस्थेच्या कीर्दीत ‘एक हितचिंतक’ एवढीच त्याची नोंद राहते, आणि त्याच्या लौकिकाची हमी आम्ही घेत नाही.