अस्वलाला काम होतं

जपानमध्ये एका काळ्या अस्वलाला सरकारी हुद्दा आहे. कुमामोतो प्रांताचा विक्री विभागप्रमुख. लाल गाल, वटारलेले डोळे, सुटलेलं पोट. नाव कुमामोन. आपल्याकडेही त्याचा चेहरा पाहिलेले बरेच निघतील. तो कुणाच्या चाकरीत आहे हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

आणि चाकरी हीच त्याची खरी गोष्ट आहे.

अशा पात्रांना जपानीत 'युरु-क्यारा' म्हणतात. गावाची ओळख अंगावर घेऊन फिरणारं ढगळ, वेंधळं, गोड ध्यान. हे नाव रूढ केलं मिउरा जुन या चित्रकार-लेखकानं. त्याच्या अटी तीन. गावावरची माया दिसली पाहिजे, चालणं-डुलणं डळमळतं आणि जगावेगळं हवं, आणि बघताक्षणी जीव जडला पाहिजे. तिन्ही अटी माणूस पाळू शकतो. समिती पाळू शकते का?

लाट उसळली 2007 मध्ये. हिकोने किल्ल्याला 400 वर्षं झाली म्हणून शहरानं एक पांढरं मांजर आणलं, हिकोन्यान. डोक्यावर लाल शिरस्त्राण. तो लाल रंग तिथल्या इइ घराण्याच्या फौजेच्या चिलखतांचा. मांजरही उगाच आलेलं नाही. या घराण्याच्या एका सरदाराला मांजरानं पंजा हलवून देवळात बोलावलं आणि वीज कोसळण्यापासून वाचवलं, अशी आख्यायिका आहे. म्हणजे एका चेहऱ्यात घराण्याचा इतिहास आणि लोककथा, दोन्ही. नक्कल करणाऱ्यांनी यातलं काय उचललं?

फक्त मांजर.

नारा शहराच्या 1300 व्या वर्षासाठी 2008 मध्ये सेन्तो-कुन आला. बुद्धासारखा बालक, डोक्यावर हरणाची शिंगं. लोक चिडले. निवड आम्हाला न विचारता झाली म्हणाले आणि त्यांनी स्वतःचं दुसरंच पात्र उभं केलं, मान्तो-कुन. एका शहराचे दोन लाडके, आणि दोघांमध्ये भांडण! गावाचा चेहरा ठरवायचा तर आधी गावाला विचारावं, एवढी साधी गोष्ट सरकारी कचेरीला कळायला अख्खं आंदोलन लागतं.

कुमामोतोनं वेगळं काय केलं? त्यांच्यापुढे एक अडचण होती, आणि ती त्यांनी लपवली नाही. क्युशू बेटावरची शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, मार्च 2011 मध्ये पूर्ण होणार होती. ओसाकाहून थेट गाडी येणार, पण प्रवासी कुमामोतोत उतरतील की सरळ कागोशिमा गाठतील? रेल्वे दारात येते आणि पाहुणा दारावरून पुढे जातो, ही भीती खरी होती.

मग अस्वलाला ओसाकाला पाठवलं. दहा हजार व्हिजिटिंग कार्डं वाटायला. मध्येच ते गायब झालं आणि गव्हर्नरांनी पत्रकार परिषद घेऊन 'शोधा त्याला' असं आवाहन केलं. राज्याचा प्रमुख एका कापडी अस्वलासाठी कॅमेऱ्यापुढे उभा राहिला, पदाची शान वगैरे आड आली नाही. असा प्रमुख किती राज्यांना मिळतो?

पण खरा डाव पुढचा होता. चित्राचे हक्क प्रांतानं आपल्याकडे घेतले आणि देशातल्या कंपन्यांना वापर फुकट दिला. परवानगी घ्यायची, कुमामोतोचं नाव पुढे न्यायचं. खाण्याचा पदार्थ असेल तर माल कुमामोतोचा घालायचा. 2011 मध्ये अस्वलाचं चित्र असलेल्या वस्तूंची विक्री सुमारे अडीच अब्ज येन होती. 2012 मध्ये ती 29 अब्जांवर गेली, 2016 मध्ये 128 अब्जांवर.

हा पैसा सरकारी तिजोरीत गेला नाही. दुकानदारांकडे, कारखानदारांकडे, शेतकऱ्यांकडे गेला. सरकारनं हात आखडता घेतला असता, दर डब्यामागे शुल्क लावलं असतं, तर हे अस्वल आज गोदामात धूळ खात पडलं असतं असं मला ठामपणे वाटतं.

इतरांनी हिशेब पाहिला. अट पाहिली नाही.

मग जो तो उठला आणि शिवणाऱ्याकडे धावला. पात्रांच्या राष्ट्रीय स्पर्धेत 2015 मध्ये 1,700 च्या वर स्पर्धक उतरले, त्यात कंपन्याही आल्या. ओसाका प्रांतात तर खात्याखात्याचं वेगळं पात्र. शेवटी 2014 मध्ये गर्दी आवरायला मोझुयान नावाच्या एका पक्ष्याला सगळ्यांच्या पुढे आणावं लागलं. कर खात्याला गोंडस चेहरा कशाला हवा? कर गोड लागतो का कुणाला?

सगळ्यात वाईट प्रकार योक्काइचीचा. 2018 च्या स्पर्धेत आपलं पात्र जिंकावं म्हणून तिथल्या नगरपालिकेनं फुकटच्या ईमेल पत्त्यांवरून कर्मचाऱ्यांना मतं टाकायला लावली. बोभाटा झाला, संशयास्पद मतं बाद झाली, आणि पहिला क्रमांक शिकी शहराच्या कापारुनं नेला. लोकांच्या प्रेमाची मोजणी, आणि मतं कचेरीतली!

वाईट एवढ्यासाठी वाटतं की या शहराकडे सांगण्यासारखी फार मोठी गोष्ट आहे. रासायनिक कारखान्यांच्या धुरानं इथल्या लोकांना दम्यानं ग्रासलं होतं. आजारी रहिवासी कंपन्यांविरुद्ध कोर्टात गेले आणि 1972 मध्ये जिंकले. त्या निकालानं देशाचं प्रदूषण धोरण हललं. असा वारसा असलेल्या शहरानं खोट्या मतांनी नाव कमवायला निघावं?

उलट फुनाबाशीचा फुनाश्शी पाहा. तो पेअर फळाचा अवतार एका नागरिकानं स्वतःच्या खिशातून उभा केला. नगरपालिकेनं अधिकृत मान्यता दिली नाही. तो किंचाळत, उड्या मारत टीव्हीवर पोहोचला आणि देशभर गाजला. शिक्का नव्हता, म्हणून फाइलही नव्हती.

आता या सगळ्या बाहुल्यांना नाकं मुरडणाऱ्यांसाठी. एप्रिल 2016 मध्ये कुमामोतोला दोन दिवसांच्या अंतरानं दोन मोठे भूकंप झाले. किल्ल्याच्या भिंती ढासळल्या, हजारो लोक छावण्यांत गेले. कुमामोन दिसेनासा झाला. जवळजवळ तीन आठवड्यांनी, 5 मे रोजी, म्हणजे जपानच्या बालदिनी, तो निशिहारा गावात आला आणि मुलं धावत जाऊन त्याला बिलगली. त्या दिवशी तिथं एखादा मंत्री गेला असता तर मुलं धावली असती का? ज्या पात्राशी लोकांची आधी ओळख झालेली असते तेच वेळेला उपयोगी पडतं. ही ओळख निविदा काढून मिळत नाही.

महाराष्ट्राचा वाकायामा प्रांताशी 2013 पासून करार आहे, पर्यटन हा त्यातला एक विषय. त्यांचाही लाडका आहे, किइ-चान नावाचा कुत्रा. आपल्याकडे शेकरू आहे, राज्यप्राणी म्हणून मान आहे, चेहरा तर कुणाही जपानी चित्रकाराला हेवा वाटेल असा. उद्या कुणाला त्याचा पोशाख शिवावासा वाटला तर एकच प्रश्न आधी विचारावा. त्याला काम काय देणार? उद्घाटनाला हात हलवणं हे काम धरायचं नाही.

आणि या पात्रांवर नको तो भार टाकायचाही नाही. गाव ओस पडतंय, मग आणा एखादं गोड ध्यान, तरुण परत येतील, असं जपानमध्ये कितीतरी कचेऱ्यांना वाटलं. खुद्द कुमामोतोची लोकसंख्या 2010 च्या जनगणनेत 18 लाख 17 हजार, 2020 च्या जनगणनेत 17 लाख 38 हजार. देशातलं सर्वांत यशस्वी अस्वल दहा वर्षं राबलं, तरी माणसं घटली. त्याच प्रांतात किकुयो गावी 2024 मध्ये तैवानच्या कंपनीचा चिपचा कारखाना उघडला, तेव्हा जमिनीचे भाव वाढले आणि रस्ते गाड्यांनी तुंबले. लोक पगारामागे आले.

कुमामोतो टोमॅटो पिकवण्यात आणि कलिंगडं पिकवण्यात जपानमध्ये पहिला आहे. ते विकायला अस्वल नेमलंय आणि ते चोख विकतंय. पाळणे हलवायचं काम त्याच्या गळ्यात कोण घालतंय?