थांबाबाई

“थांब. आधी बोट उचल.”

बाईंच्या शेजारी बसून मोबाइल उघडला की पहिलं वाक्य हेच. बोट माझं, मोबाइल माझा, भरायचं बिलही माझंच. पण परवानगी बाईंची. मी बोट उचलतो. बाई कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात, पूर्वी पुस्तकाचं मुखपृष्ठ न्याहाळायच्या तशी स्क्रीन वरपासून खालपर्यंत बघतात आणि म्हणतात, “हं, आता वाच. मोठ्यानं.” मग वय वर्षं पंचावन्न, लग्न झालेल्या मुलीचा बाप असा मी, ‘पुढे जा’, ‘रद्द करा’ असं पहिलीतल्या पोरासारखं वाचून दाखवतो. पाच मिनिटांच्या कामाला चाळीस मिनिटं लागतात.

बाई आमच्या गावच्या वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी चारधाम करावं, नातवंडं खेळवावीत, अशी सगळ्यांची मनापासून इच्छा होती. बाईंनी त्याऐवजी दर गुरुवारी चार वाजता वर्तमानपत्रांच्या दालनात मोबाइलचा वर्ग सुरू केला. लांब टेबल, दोन बाकं, भिंतीवर डॉ. रंगनाथन यांची तसबीर आणि समोर साठीपुढचे विद्यार्थी: एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, इतिहासाचे माजी सर, एक किराणावाले आणि एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोलणाऱ्या दोन विहिणी. गावानं बाईंचं नाव ‘थांबाबाई’ पाडलं. ते कानावर गेलं तेव्हा बाईंनी एवढंच विचारलं, “कुणी पाडलं?” नावाबद्दल तक्रार नव्हती, मूळ संदर्भ हवा होता.

रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. बाई नोकरीत असताना तो इतक्या कसोशीनं पाळायच्या की आपण दारात चपला काढेपर्यंत पुस्तक टेबलावर आलेलं असे. दर १२ ऑगस्टला त्या तसबिरीला हार घालतात. यंदा मी म्हटलं, “बाई, हल्ली तुम्ही चौथा नियम मोडता.” बाई हार सारखा करत म्हणाल्या, “तेव्हा पुस्तक चुकलं तर दुसऱ्या दिवशी बदलून मिळायचं.”

काही शोधायला शिकवायचं तर बाई आधी शोधणाऱ्यालाच खोदून खोदून विचारतात. किराणावाले एकदा म्हणाले, “बाई, गुडघा बघायचाय.”

“गुडघा काय? गुडघ्याचा आजार, गुडघ्याचा व्यायाम की गुडघ्याचा डॉक्टर?”

“दुखतोय हो.”

“कधी? चढताना की उतरताना?”

पंधरा मिनिटांनी प्रश्न तयार झाला आणि तोवर किराणावाल्यांना उमगलं, की गुडघा दुखतो तो दुकानातल्या खालच्या फळीवरचा गूळ काढताना. गूळ वरच्या फळीवर गेला. इंटरनेट उघडावंच लागलं नाही. बाईंच्या लेखी तो तास सर्वांत यशस्वी.

आणि उघडलंच, तर पहिल्या उत्तरावर जायचं नाही. “वर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलंय ना? त्या दुकानदारानं मोक्याच्या गाळ्याचं भाडं भरलंय. माल चांगला आहे असं कुणी सांगितलं?” बँकेचा फोन नंबर तर असा शोधायचाच नाही, तो कार्डाच्या पाठीवर आणि पासबुकावर छापलेला असतो.

पिनचा धडा त्यांनी गल्ल्यावर शिकवला. टेबलावर दोन गल्ले ठेवले, एक भोकाचा, एक कुलपाचा. “पैसे टाकायला किल्ली लागते का?” वर्ग म्हणाला, नाही. “मग ‘पैसे पाठवतो, तुमचा पिन टाका’ असं कुणी म्हणालं तर तो काय करतोय?” दोन्ही विहिणी एका सुरात म्हणाल्या, “काढतोय!” लग्न ठरल्यापासून त्यांचं हे पहिलं एकमत.

पुढच्या गुरुवारी बाईंनी पाच जणांना फोन बंद करून समोर ठेवायला सांगितले आणि त्यातले तीन पहिल्याच फटक्यात उघडून दाखवले. वर्गात खळबळ. बाईंनी चमत्काराचा खुलासा केला, “जन्मसालं. तुमचे सभासद अर्ज मीच भरून घेतलेत.” त्या दिवशी एका विहीणबाईंचं खरं वयही गावाला कळलं आणि झालेलं एकमत पुन्हा मोडलं.

लिंकबद्दल बाईंचं म्हणणं, की नावावर जाऊ नये, आडनाव बघावं. “कलेक्टर कचेरीसमोरचा चहावाला कलेक्टर होत नाही. लिंकमध्ये पुढे कुठंतरी बँकेचं नाव घुसडलं म्हणून ती बँकेची होत नाही. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा, नंतरच्या पहिल्या रेघेपाशी थांबा आणि तिथून मागं वाचा.” रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ हे एकच आडनाव लावायला सांगितलं, तेव्हा बाईंनी वर्गात पेढे वाटले. विद्यार्थ्यांना वाटलं, नात झाली.

गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र बाई म्हणजे दुधात मिठाचा खडा. आपलं राष्ट्रगीत युनेस्कोनं जगात सर्वोत्तम ठरवल्याची बातमी दर एक-दोन वर्षांनी नव्यानं येते. हात जोडले जातात, झेंडे फडकतात आणि त्याखाली बाईंची ओळ येते, “कुणी ठरवलं? कधी? कुठे छापून आलं?” एकानं लिहिलं, “बाई, अभिमानाची गोष्ट आहे.” बाईंनी लिहिलं, “अभिमान मलाही आहे. त्याला युनेस्कोचा दाखला कशाला?” मग दुसऱ्या दिवशी सकाळी सुप्रभातची फुलं येईपर्यंत ग्रुपवर सुतक.

एका गुरुवारी कंडक्टर वर्गाला आले नाहीत. त्यांचा खाडा म्हणजे एसटी वेळेवर येण्याइतकी दुर्मीळ गोष्ट. बाई तडक त्यांच्या घरी. दारात काकू कुजबुजल्या, “ह्यांना अटक झालीय. आतल्या खोलीत आहेत.” आत कंडक्टर घामाघूम, समोर फोन उभा केलेला आणि फोनमध्ये वर्दीतले साहेब गरजत होते. बाई शेजारी बसल्या, पिशवीतून वही काढली. “थांबा हं, लिहून घेते. पोलीस ठाणं कोणतं? गुन्हा नोंद क्रमांक? तुमचं नाव? आडनाव आधी सांगा.” साहेब ओरडले, उचलून नेईन. बाई म्हणाल्या, “या की. काकू, चहा टाका, पाहुणे येतायत.” स्क्रीन काळी झाली.

“अशी व्हिडिओवरची अटक कायद्यात नाहीच,” बाई म्हणाल्या. “आणि खरा पोलीस नाव लिहून होईपर्यंत थांबतो. घाई चोराला असते.”

कंडक्टर पाणी पिऊन म्हणाले, “बाई, तीस वर्षं मी ‘चला, चला’च म्हणत आलो. थांबायची सवयच नाही.”

हे सगळं ऐकून बाई शहाण्या जन्मल्या असं वाटेल. पण प्रत्येक नव्या वर्गाची सुरुवात त्या एकाच वाक्यानं करतात, “माझे अठरा हजार सहाशे रुपये गेलेत.” रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल असे मेसेज तेव्हा गावोगाव फिरत होते. बाईंनी त्यातल्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या गोड माणसानं एक अ‍ॅप घ्यायला लावलं आणि बाईंची स्क्रीन घरबसल्या पाहिली. “आठ दिवस कुणाला बोलले नाही. एकतीस वर्षं गावाला माहिती पुरवणारी बाई मी. लाज वाटली. माझ्या लाजेत त्याचं फावलं. लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन लावला असता, तर पैसे वाटेत अडवता आले असते कदाचित.”

“मिठाचा सत्याग्रह!” इतिहासाचे सर नंबर ऐकताच म्हणाले. तेव्हापासून तो नंबर वर्गात कुणी विसरलेलं नाही.

गेल्या वर्षी मी नवा नंबर घेतला आणि मुलीच्या लग्नाची पत्रिका बाईंना मोबाइलवर पाठवली. पत्रिकेच्या नावाखाली भलतंच अ‍ॅप पाठवून फोन धुऊन नेण्याचे प्रकार चालू होते. बाईंनी पत्रिका उघडली नाही. फोन केला.

“कोण बोलतंय?”

मी नाव सांगितलं.

“ते कुणीही सांगेल. वाचनालयाचं कुठलं पुस्तक दाबून बसलायस?”

मी खजील होऊन पुस्तकाचं नाव सांगितलं. १९८७ साली दहावीच्या सुट्टीत नेलेलं. “बरोबर,” बाई म्हणाल्या. “मुलीला आशीर्वाद.”

लग्नानंतर माळा आवरताना ते पुस्तक सापडलं. इतक्या वर्षांचा दंड खिशात घेऊन मी गुरुवारी वाचनालयात गेलो. बाईंनी पुस्तक हातात घेतलं, मागच्या चिठ्ठीवरच्या तारखेवरून बोट फिरवलं, क्षणभर वास घेतला आणि ते माझ्याकडे परत सरकवलं.

“राहू दे तुझ्याकडेच. उद्या तुला ओळखायचं कशावरून?”

पुस्तक आता माझ्या कपाटात आहे. त्याचं नाव इथं लिहिणार होतो. पण बोट उचललं.