किती देते, ते राहू द्या

जुन्या गाडीचा मालक दिसला की आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो: "किती देते?" पंपावरचा पोऱ्या विचारतो, सिग्नलला शेजारी उभा असलेला रिक्षावाला विचारतो, लग्नाच्या हॉलबाहेर व्याही विचारतात. थांबते का, हे कोणीच विचारत नाही. खरं तर रिक्षावाल्याने ते सर्वांत आधी विचारायला हवं. हिरवा दिवा लागला की तो आमच्या पुढे असतो.

आमची गाडी १९६८ची फियाट डिलाइट. वडिलांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. हिच्याच धाकट्या बहिणीचं नाव पुढे पद्मिनी ठेवलं, ती मुंबईची काळीपिवळी झाली आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर टॅक्सीच्या नोकरीतून निवृत्तही झाली. थोरली मात्र अजून कामावर आहे. २०२१ साली केंद्राने नियम केला: पन्नाशी ओलांडलेली, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. मात्र ती रोज फिरवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. मी हे मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा बायको म्हणाली, "मग इतकी वर्षं आपण वेगळं काय केलं?"

तर दुरुस्ती. गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि मदतीला सर्वो वगैरे काही नाही. चालकाची पोटरी हाच सर्वो. गेल्या पावसाळ्यानंतर पेडल पहिल्या दाबाला थेट तळाशी जायला लागलं. दुसऱ्या दाबाला अर्ध्यावर अडायचं, तिसऱ्याला ब्रेक लागायचा. स्वारगेटला थांबायचं असलं तर सारसबागेपासून तयारी करावी लागे. शिवाय पुढच्या डाव्या चाकातून तेल झिरपत होतं. लायनरवर तेल गेलं की ते चाक धरत नाही, उजवं धरतं आणि गाडी उजवीकडे ओढते. उजवीकडून पीएमपीची बस येत असते. तिला आमची परिस्थिती ठाऊक नसते.

मिस्त्रीने चाक उतरवलं, ड्रम ठोकून सैल केला आणि एक शू माझ्या हातात ठेवला. लायनर इतका झिजला होता की रिवेटची पितळी डोकी वर आली होती. ड्रमच्या आतल्या अंगाला त्यांनी ग्रामोफोनच्या तबकडीसारखे चरे पाडले होते. "साहेब, याला लायनर नका म्हणू," मिस्त्री म्हणाला, "ही लायनरची जागा आहे."

त्याचा पोरगा ड्रममधली भुकटी तोंडाने फुंकणार, तेवढ्यात मी ओरडलो. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं; ते फुफ्फुसात गेलं की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसायचं, कॉम्प्रेसरची हवासुद्धा मारायची नाही. मिस्त्रीने माझ्याकडे दयेने पाहिलं, पण फडकं भिजवलं.

सामानासाठी नाना पेठ. काउंटरवरच्या मुलाने मोबाइलमधून मान वर न करता विचारलं, "गाडी?"

"फियाट."

"पुंटो का लिनिया?"

"डिलाइट."

आता मान वर आली. "दादा, असलं मॉडेल नाहीये." आतल्या अंधारात पेपर वाचत बसलेल्या आजोबांनी मात्र पेपर खाली न ठेवता विचारलं, "मास्टर सिलिंडरचं किट का व्हील सिलिंडरचं?" आणि शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीकडे बोट दाखवलं. रबरी कप मिळाले, धूळरोधक बूट मिळाले. लायनर मात्र मिस्त्रीने ओळखीच्या कारागिराकडून जुन्या शूवर नवे रिवेट करून आणले.

यापुढचं काम बघण्यासारखं असतं. चरे जाण्यासाठी ड्रम लेथवर फिरवून घेतला. त्याने ड्रम आतून किंचित मोठा होतो आणि नवा लायनर फक्त मधोमध टेकतो. म्हणून मिस्त्रीने लायनरला खडू फासला, ड्रम चढवला, हाताने फिरवला, उतरवला. जिथला खडू पुसला गेला तिथे कानस. पुन्हा खडू, पुन्हा ड्रम. या माणसाला तासाभरात तीन फोन आले, एकही त्याने घेतला नाही. मला असं काम करणारे डॉक्टरही फार भेटलेले नाहीत.

शेवटी हवा काढणं. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. नळीत बुडबुडा राहिला की पायाचा सगळा जोर तो बुडबुडाच खातो. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्या. मिस्त्री गाडीखाली, निपलला नळी, नळीचं टोक तेलाच्या बाटलीत. मी बाटली धरून. पेडलवर अर्थातच ही.

"वहिनी, मारा. मारा. मारा. धरा!"

"सोडू?"

"सोडू नका!"

"मग सांगा तरी कधी सोडायचं ते!"

"आता सोडा."

"आता मी धरलंय."

लग्नानंतर एवढं सविस्तर एकमेकांचं ऐकण्याची वेळ आमच्यावर आली नव्हती, आणि मध्यस्थ गाडीखाली आडवा होता. बुडबुडे संपले, स्वच्छ तेल यायला लागलं. मडगार्डवर सांडलेला थेंब पाण्याने लगेच धुतला. ब्रेक ऑइल रंग खातं, आणि रंगाचा खर्च ब्रेकपेक्षा जास्त असतो. लोक आधी रंगच काढतात, ब्रेक नंतर बघतात. माझ्या मते जुन्या गाड्यांच्या बाबतीत आपण करतो तो हा सगळ्यात मोठा मूर्खपणा. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला. ते हवेतला ओलावा शोषतं, मग आतून सिलिंडर गंजतात आणि घाटात तापलं की त्याची वाफ होते.

तेव्हा सिंहगड रस्त्यावर क्रीम रंगाची डिलाइट दिसली तर किती देते ते विचारू नका, बारा देते. मागून येणाऱ्यांनी मात्र जरा अंतर ठेवा. आता ती पहिल्या दाबाला थांबते, आणि मागचे दिवे अजून दुरुस्त व्हायचेत.