माणसं मोजा, मग गाडी घ्या

नागपुरात कुणी सात माणसांची गाडी घेतली, की हातात पेढा घेऊनच पहिला प्रश्न येतो, ‘काऊन भाऊ, ट्रॅव्हल्स सुरू केली का?’ विचारणाऱ्याच्या दारात उंच, रुबाबदार एसयूव्ही उभी असते आणि तिच्यात चौघं बसली की पाचव्याला अंग चोरून बसावं लागतं. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला घरचे सगळे निघाले की हाच माणूस भाड्याने अर्टिगा बोलावतो. म्हणजे विकत घेतलेली गाडी गल्लीला दाखवायला आणि भाड्याची घरच्यांना बसवायला. हप्ते मात्र दाखवायच्या गाडीचे! हा व्यवहार मला मुळीच पटत नाही.

‘टॅक्सीवाले वापरतात’ हा या गाड्यांवरचा सगळ्यात मोठा आक्षेप. खरं तर तीच त्यांची सगळ्यात मोठी शिफारस आहे. ज्याचं पोट गाडीवर चालतं तो दिखाव्यावर रुपयाही घालवत नाही. किलोमीटरला खर्च किती येतो, पार्ट कुठेही मिळतो का, मागचं गिऱ्हाईक समृद्धी महामार्गावर मुंबईपर्यंत 701 किलोमीटर कंबर न धरता बसतं का, एवढंच तो पाहतो. अर्टिगा 2012 मध्ये आली आणि 2024 पर्यंत तिची विक्री दहा लाखांवर गेली. तीच गाडी टॅक्सीसाठी ‘टूर एम’ या नावाने विकली जाते. इतक्या लोकांनी इतके किलोमीटर पारखलेली गाडी नाकारायची, ती केवळ पिवळ्या पाटीवरही दिसते म्हणून?

आणि आकाराचीच लाज असेल, तर डिसेंबरात सिव्हिल लाइन्सला जाऊन पाहा. हिवाळी अधिवेशनात विधानभवन, रविभवन, आमदार निवास, जिकडे नजर टाकाल तिकडे इनोव्हा. 2005 साली क्वालिसच्या जागी आलेली ही गाडी पहिल्यापासून माणसं वाहायलाच बनवलेली. आत मंत्री बसला की आपण तिला वाट करून देतो. आत आजी, आत्या आणि तीन पोरं बसली की तीच गाडी ‘ट्रॅव्हल्सची’ होते. गाडी तीच, रस्ता तोच. आपण मान देतो तो खुर्चीला, आणि नाकं मुरडतो ती कुटुंबाला.

हा डाग जुना आहे. 1984 मध्ये मारुतीने व्हॅन आणली, पुढे तिचं नाव ओम्नी झालं. 796 सीसीचं इंजिन आणि बाजूला सरकणारं दार. महाल-इतवारीच्या बोळात भिंतीला खेटून गाडी लावली तरी माणूस सहज उतरायचा. तिने शाळेची मुलं नेली, रुग्ण नेले, किराणा नेला, वऱ्हाडी नेले. हिंदी सिनेमाने मात्र तिला अपहरणाची गाडी करून टाकलं. मारुतीची व्हॅन आली त्याच सुमारास अमेरिकेत क्रायस्लरच्या मिनीव्हॅनने बुडायला आलेल्या कंपनीला हात दिला. पुढे तिथेही लोक तिला लाजू लागले, कारण ती ‘मुलांना शाळेत नि खेळायला सोडणाऱ्या आयांची गाडी’ ठरली. तिथे आई दिसण्याची लाज, इथे ड्रायव्हर दिसण्याची. दोन्हीकडे कमीपणा एकाच कामाला आला आहे, दुसऱ्यांना सांभाळून नेण्याच्या. ज्या कामावर घर चालतं, त्याची लाज वाटणं ही गाडीची खोट नाही, आपली आहे.

ओम्नीवरचा एक आक्षेप मात्र शंभर टक्के खरा होता. ती सुरक्षित नव्हती. चालकाचे गुडघे आणि समोरचा ट्रक यांच्यात जेमतेम एक पत्रा. अपघात-चाचणीचे नियम कडक झाले आणि 2019 मध्ये ती बंद झाली, ते योग्यच झालं. पण आपल्याला खरोखर सुरक्षेची काळजी असती, तर नाशिकला बनणारी महिंद्राची मराझो धडाक्यात खपायला हवी होती. 2018 मध्ये आलेल्या या गाडीला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले होते. सात-आठ माणसं ऐसपैस बसायची. गिऱ्हाईक फिरकलं नाही आणि ती बाजारातून गेली. त्याच कंपनीच्या उंच एसयूव्हींसाठी लोक महिनोन्‌महिने थांबले.

उंचीचं हे वेड घरात सगळ्यात जास्त कुणाला भोवतं? गुडघे दुखणाऱ्या आजीला. नऊवारी सावरत, वरची कडी धरून, नातवाच्या खांद्यावर भार देत ती चढते आणि पुढच्या वेळी ‘मी घरीच बरी’ म्हणते. आपण समजतो, तिला हौस राहिली नाही. मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना मागच्या रांगेत एसीची हवा पोचते का, तिथल्या प्रत्येक जागेला बेल्ट आहे का, डोक्यामागे आधार आहे का, हे शोरूममध्ये किती जण विचारतात? सनरूफ आहे का, हे मात्र सगळे विचारतात. नागपूरच्या उन्हात!

सरकारनेही या कुटुंबांकडे पाहायला हवं. सप्टेंबर 2025 पासूनच्या जीएसटीत पेट्रोल-डिझेलवरच्या गाड्यांपैकी चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाडीला 18 टक्के आणि त्याहून लांब गाडीला सरसकट 40 टक्के. सात जणांना घेऊन शिवाय सामानही मावेल अशी गाडी चार मीटरच्या आत बसवणं अवघड. सात जागांची ट्रायबर बसते, पण सातही जागा भरल्या की बॅगा मांडीवर. म्हणजे आजी-आजोबांसह राहणाऱ्या घराने आलिशान गाडीवाल्याच्याच दराने कर भरायचा. हा अन्याय आहे. देशाचे रस्ते वाहतूक मंत्री आपलेच खासदार आहेत. करांचा निर्णय जीएसटी परिषद घेते, पण गाडीची लांबी मोजताना आतली माणसंही मोजा, हे तिथे ठणकावून सांगायला नितीन गडकरींपेक्षा जवळचा माणूस नागपूरकरांना कोण मिळणार?

तोवर आपल्या हातात आहे ते करू. पुढची गाडी घ्यायला जाल तेव्हा घरच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या. त्यांना तिसऱ्या नाही, पण दुसऱ्या रांगेत तरी स्वतःहून चढू द्या, पाच मिनिटं बसू द्या, स्वतःहून उतरू द्या. तिसऱ्या रांगेत तुम्ही बसा. मग सही करा. आणि ‘ट्रॅव्हल्स सुरू केली का’ असं कुणी विचारलंच, तर सरळ सांगा, ‘होय, घरच्यांसाठी.’